निर्गुडीचं कुंपण

२ फेब्रु., रवि.
आधी दुरुस्ती. २५ जाने.ला इथे लिहिलंय, "मागचं कुंपण मेलंय, जाऊन पाहिलं." खोटं. पाहिलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्याच भरवशावर ब्लॉकतर्फे मेंटेनन्सला अर्ज दिला: वाळलेली झुडपं काढावीत. सही माझी.

आज बाबांचा नागपूरहून फोन. कुंपणाचं सांगितल्यावर म्हणाले, "निर्गुडी थंडीत पानं टाकते, विसरलीस? नखाने साल खरवडलीस का?"
नाही.
मी शाळेत जायच्या आधीच त्यांनी हे शिकवलं होतं: हात लावल्याशिवाय झाडाबद्दल बोलायचं नाही. इथे दिल्लीत, आर. के. पुरमला आलो तेव्हा कुंपणाच्या या काड्या त्यांनीच लावल्या. आईच्या गुडघ्यांना दर पावसाळ्यात त्याच पाल्याचा शेक. आणि मी...

५ फेब्रु.
ऑफिसला उशीर, पण खाली गेले. अकरा झुडपं. काडी चौकोनी, पानांचे डोळे समोरासमोर. निर्गुडीच. आठ सालीखाली हिरवी. दोन कोरडी, कटकन मोडली. नळाजवळचं कळत नाही. हिरवं दिसलं ते सालीचं की शेवाळाचं?

७ फेब्रु.
खालच्या भल्ला आंटींना सांगितलं. "अरे बेटा, तूने ही तो लिखा था सूख गई! अब मेरी गाड़ी कहाँ खड़ी होगी?"
"आंटी, मैंने बिना देखे लिख दिया था।"
हसल्या. "अच्छा? तो पत्ते दिखा दो।"
पानं होळीपर्यंत येतील. खोदणारी माणसं येत्या बुधवारी.

आई म्हणाली, "चार काड्या कुंडीत लाव नि गप्प बस. याच लोकांत राहायचंय." सहा लावल्या, वीतभर, दोन-दोन डोळे मातीत. लावताना वाटलं, म्हणजे कुंपण गेलं हे मी मान्यच केलं का?

९ फेब्रु., रवि.
अर्ज मागे घ्यायचं पत्र चारदा लिहिलं. "सर्व झुडपं जिवंत" असं लिहवत नाही. शेवटी: आठ जिवंत, दोन मेलेली, एक माहीत नाही. आधीचा अर्ज न पाहता लिहिला होता, हेही घातलं.
आईने वाचलं. "खरं लिहिलंयस. पण तीन काढायला म्हणून आले, की एकदा फावडं लागलं की अकराही जातील."
संध्याकाळी नळाजवळचं पुन्हा खरवडलं. अजून कळत नाही. पत्रातली ओळ तशीच ठेवली.
उद्या सोमवार, १० फेब्रु., साडेनऊ. मेंटेनन्स ऑफिस उघडेल तेव्हा दारात मी.