चंद्रीची पोळी

कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

चंद्री गाईचं पोट नगाऱ्यासारखं फुगलंय. गंगेपार चरताना तिने तार गिळली. डॉक्टर म्हणाले, पोट चालवणारी नसच दुखावली आहे, खाल्लेलं पुढे सरकत नाही, वाचणार नाही. तिचा मालक रामधनी म्हणाला, "पंडितजी, अब कुछ मत खिलाइए." तरी चंद्रीने माझ्या हातातल्या पोळीकडे जीभ लांबवलीच! शाळेतल्या कवितांत गाय कधी आजारी पडत नसे. पोळी मी सदऱ्यात लपवली.

गाईला पहिली पोळी गेल्याशिवाय आमची ही जेवत नाही. घरी परतताच तिने दारातच विचारलं, "घेतली चंद्रीने?"

"घेतली. मीठ कमी आहे म्हणाली."

"इश्श, काहीतरीच तुमचं!" हसत ती जेवायला बसली. उद्याही विचारील.