भिंतीपलीकडचा ठिपका

५ मार्च
लिहू लिहू म्हणत आठवडा घालवला. माझं लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडं. तर, नोकरी लागली! जमिनीखालच्या प्रयोगशाळेत, भाऊजींच्या हाताखाली. लिफ्ट खाली जाताना कानात दडे बसतात. बोटीवर कामाला होतो तेव्हाही असंच... असो, भरकटलो. काम मजेशीर आहे. एका खोलीतून पोलादी भिंतीवर लेझर मारायचा, पलीकडच्या काळोख्या खोलीत कॅमेरा. उजेड भिंतीतून जात नाही. पण इथले मुख्य सर म्हणतात, उजेडाचा एखादा कण कुणी न पाहिलेल्या हलक्या कणाचं सोंग घेऊन आरपार जाईल आणि पलीकडे पुन्हा उजेड होऊन दिसेल. मी फटींना काळी पट्टी चिकटवतो. अंधाराची राखण करायची नि पगार घ्यायचा.

९ मार्च
इथं कुणी धड बोलत नाही. माझी खुर्ची रोज बाहेर काढून ठेवतात. भाऊजी चारचौघांत म्हणाले, मेहुणा म्हणून घेतलंय, शहाणा म्हणून नाही.
आज कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठिपका उमटला. मी उडीच मारली; बाकी सगळे थंड. इथली रीतच तशी. आम्ही जागे आहोत का हे बघायला सर मधूनच गुपचूप खोटा ठिपका टाकतात आणि वर्षअखेरीस सांगतात. तोवर तोंड बंद.

१४ मार्च
ठिपका रोज येतो. वाढतोय. लेझर बंद असतानाही. भाऊजी म्हणाले, सरांची थट्टा आहे, तू पट्ट्या चिकटव.
आज त्याला पाच बोटं होती.

१७ मार्च
न राहवून सरांना विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. यंदा त्यांनी एकही ठिपका टाकलेला नाही.
सगळे माझ्यावरच तुटून पडले. अक्कल पाजळलीस, म्हणत भाऊजी स्वतः काळोख्या खोलीत शिरले. दार मागे आपटलं; ते बाहेरूनच उघडतं. किल्ली माझ्याकडे. पडद्यावर तो हात भाऊजींकडे वळला, तसे सर नि बाकीचे वर मदत आणायला पळाले —

पडद्यावरचा हात गेला. भाऊजीही दिसत नाहीत.

आतून हाक: "उघड रे, बाळा."
आवाज भाऊजींचाच. पण त्यांनी मला आजवर गाढव सोडून काही —

दुसरी हाक, लांबून, दबलेली. तीही त्यांचीच. "उघडू नकोस, गाढवा."

लिहितोय, म्हणजे हात दारापासून लांब राहतो. बाळा, बाळा चाललंय. दुसरा आवाज आता —

लिफ्ट वाजली. मदत —

नाही. ताई. डबा घेऊन. आतला तो गोड आवाज ऐकून रडतेय, म्हणते, माझा माणूस आत कोंडलाय आणि तू लिहीत बसलास? किल्ली तिच्या —