पीकीची दहा वाक्यं

प्रिय डेल्फीन,

तुझ्या शब्दकोशाच्या कचेरीतला कागद पोचला. 'पीकी' हा आपला शब्द इंग्रजी वाक्यांत कसा चालतो याचे दहा नमुने, आणि खाली तुझी चिठ्ठी, "आई, चूक की बरोबर एवढंच लिही नि शुक्रवारपर्यंत परत पाठव." फीनिक्सला जाऊन साहेबासारखी घाई करायला बरी शिकलीस.

वाक्यं वाचली. पहिल्यात एक बाई ओव्हनमधून पीकी काढते, हात पोळू नये म्हणून जाड मोजा घालून. आजीला हे सांगू नकोस. तिनं पासष्ट वर्षं उघड्या पंज्यानं तापल्या दगडावर मक्याचं पातळ पीठ फिरवून कागदासारखी पीकी उचललीय नि गुंडाळलीय. तिसऱ्यात कुणी प्रवासी पीकी चीजमध्ये बुडवतो. आणि सातवं, 'वजनाची काळजी करणाऱ्यांसाठी पीकी हा उत्तम हलका खाऊ आहे.' या सातव्यानंच घात केला.

रविवारी तुझा दगड जाळावर चढवला होता. जानेवारीत तुझं लग्न. सासरी पीकीचे ढीग न्यायचे ते तुझ्या स्वतःच्या दगडावरचेच, हा आजीचा हट्ट. मामानं खाणीतून दगड आणला, आजीनं अख्खा उन्हाळा खडीनं घासून तो गुळगुळीत केला. एक्क्याऐंशी वर्षांच्या हातांनी. पीकीच्या खोलीत आम्ही तिघी होतो, आजी, व्हर्ना मावशी आणि मी. कलिंगडाच्या बियांचं तेल दगडात मुरत होतं. दगड पहिल्यांदा तेल पितो तेव्हा कुजबुजीपेक्षा आवाज चढवायचा नाही, नाहीतर तो तडकतो, हे तुला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. मलाही होतं. पण पंधरा वर्षं गावच्या वर्तमानपत्रात लोकांची टर उडवून पोट भरलेल्या बाईच्या खिशात तुझा कागद होता. मी तो काढला आणि हळूच सातवं वाक्य वाचलं. व्हर्ना कानाशी येऊन म्हणाली, "मग विहीणबाईंना कळव की! म्हणावं, ढीग बघून घाबरू नका, सगळा संपवा, बारीकच राहाल." मी खदखदून हसले.

टक्क. दगडाला मधोमध तडा गेला.

आजीनं निखारे मागे ओढले, तेलाची वाटी झाकली, बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी कणसं सोलता सोलता म्हणाली, "दगडाला इंग्रजी येत नाही गं. तुझं हसणं मात्र बरोबर कळलं त्याला." मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं पार वाकडी झालीत, डेल्फीन. दुसरा दगड तिच्यानं घासला जाणार नाही.

आणि माझं म्हणशील तर मी पीकी करायला कधी शिकलेच नाही. लहानपणी एकदा तळवा पोळला, नंतर दरवेळी मला काहीतरी लिहायचंच असायचं. तुझं नाव ठेवलं तेव्हा, तू पदवीधर झालीस तेव्हा, मी मिरवत ताटात मांडलेली प्रत्येक गुंडाळी आजीच्या हातची होती. तू मला जाणकार समजून कागद पाठवलास. मी कोणत्या तोंडानं चूक-बरोबर ठरवू?

म्हणून कागद तसाच परत पाठवतेय. शुक्रवारला म्हणावं, थांब. मंगळवारी मामाबरोबर खाणीत जाऊन मी दुसरा दगड आणलाय. तेव्हापासून रोज सकाळी घासते. आजी शेजारी बसून उंचवटे दाखवते आणि माझी तीन नखं गेली तरी तिला दया येत नाही. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी हा दगड जाळावर चढणार, आणि तू यायचंस. तेल तू चोळायचं, आजी खुणा करेल, मी तोंडाला फडकं बांधून लाकडं सारेन. कोशाला नमुना हवाच असेल तर सातव्याच्या जागी हा घे, 'पीकीच्या दगडासाठी आई दिवसभर एक अक्षरही बोलली नाही.' व्हर्ना म्हणते, यावर गावात कुणाचा विश्वास बसणार नाही. न बसू दे. तू ये आणि बघ.

गप्प राहायचा सराव करणारी,
तुझीच,
आई