उन्हात जाणारं नेट आणि कुरडयांतले तीळ

मांजरी,
शनिवार. (तारीख नातीला, सृष्टीला, विचारली तर ती पत्र कुणाला म्हणून विचारेल, तेव्हा नाही घातली.)

ती. यमुनाबाई यांना गोदाबाईचा नमस्कार.

पत्राच्या वरती टिंबं देऊन चार अक्षरं लिहायची असतात. तुमचे भाऊ लिहायचे. माझ्या चौथीपर्यंतच्या शाळेत ती आली नाहीत, म्हणून नुसता नमस्कार घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या फोनवर पाऊण तास त्यांचंच ऐकलं, तेव्हा अजून जागेवर असावेत. पोटाचं विचारत नाही. हेमाच्या हातचं खाता, म्हणजे सून असली तरी तिचा तरी काय दोष, तिला मिठाचा अंदाज माहेराहूनच नव्हता.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात फोन कानाला लावत नाहीत, टेबलावर ठेवून चौघं मिळून ऐकतात. आणि हे चौघांनी ऐकण्यासारखं नाही. संपत दुधाचा टेम्पो घेऊन रोज मांजरीहून तुमच्या कात्रजच्या डेअरीत जातो, त्याच्याबरोबर पत्र आणि डबा पाठवते आहे. माझं अक्षर त्याला लागत नाही, म्हणून पाकीट चिकटवलेलं नाही.

डब्यात कुरडया आहेत. त्यांत काळं काळं दिसेल ते तीळ आहेत. हल्ली तीळ घालतात. घाबरू नका.

आता इथली हकिकत. सृष्टी, आमच्या महिपतीची लेक, हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला आहे आणि दोन वर्षांत ती हिंजवडीला गेलेली नाही. आजारपणाच्या साथीत सगळ्यांना घरी बसवलं, ती तशीच बसली आहे, आणि पगार चालू आहे. (तुमचे भाऊ कारखान्यात एक दिवस उशिरा गेले तर अर्धा दिवस कापायचे.) दिवसभर ती लॅपटॉपशी बोलते. तिचा साहेब त्यात दिसतो. मी त्याला छातीपर्यंतच पाहिला आहे, खाली त्याला पाय आहेत की नाहीत कळायला मार्ग नाही. तर गेला महिनाभर आमचं नेट दिवसा जायला लागलं. पोरगी बोलता बोलता थांबते, साहेब तोंड उघडं ठेवून तसाच राहतो, आणि मग चक्र फिरतं. असं आठ-दहा वेळा झाल्यावर साहेबानं सांगितलं, की शुक्रवारी अकरा वाजता परदेशातल्या गिऱ्हाइकांना काम दाखवायचं आहे. त्यात नेट गेलं तर सोमवारपासून ऑफिसात येऊन बसायचं. आता मांजरी पुण्याच्या ह्या टोकाला आणि हिंजवडी त्या टोकाला. जायला दोन तास, यायला अडीच, आणि वाटेतली गर्दी बघून माणूस जन्माला आल्याचा पस्तावा करतो. म्हणजे तिथंच हॉस्टेलवर राहायचं.

दीपमाला (सूनबाई) रडली. मी रडले नाही. मला काय, पोरगी गेली तर पंखा माझ्या एकटीचा होईल, आणि रात्री भिंतीकडे तोंड करून तिची कुजबूज चालते ती थांबेल. गोळ्यांवरची अक्षरं तेवढी कोण वाचून दाखवणार हा प्रश्न आहे, पण त्या रंगावरून ओळखता येतात. दोन सोडून.

तर नेट का जातं, याचा शोध सुरू झाला. आधी ते येतं कसं ते सांगते, म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं, आणि मला काही कळलेलं नाही. आमचा रस्ता दोन वर्षं खोदलेला, त्यामुळे तारेचं नेट येत नाही. योगेश म्हणून एक नेटवाला आहे, त्यानं गच्चीत एका नळीवर पांढरी ताटली बसवली आहे. ती ताटली उसापलीकडच्या टॉवरकडे बघत बसते. टॉवरवरून नेट हवेतून ताटलीत येतं, ताटलीतून तारेनं खाली डब्यात येतं, आणि डब्यातून परत हवेत जातं. म्हणजे हवेतून आलेलं तारेत घालायचं आणि तारेतलं परत हवेत सोडायचं. मग मधल्या तारेचा उपयोग काय, असं विचारलं तर योगेश म्हणाला, "आजी, चहा घेतो." डब्याला चार दिवे आहेत. चारही हिरवे असले की घरात शांतता, एक लाल झाला की सूनबाई जिन्यात येऊन "गेलं, गेलं" म्हणून ओरडते. शेजारचे पहिल्या दिवशी टॉवेल घेऊन धावत आले. त्यांना वाटलं मीच गेले.

पहिला उपाय, डबा बंद करून चालू करायचा. हा उपाय सगळ्यांना येतो आणि कुणालाच लागू पडत नाही. मग डब्याची जागा बदलली. दिवाणखान्यातून फ्रिजवर, फ्रिजवरून देव्हाऱ्यात, देव्हाऱ्यातून परत बाहेर (सूनबाई म्हणाली देवाला त्रास होतो, देव काही म्हणाले नव्हते). मग महिपतीला वाटलं, नेट कुणीतरी चोरतं. त्यानं खालच्या मजल्यावरच्या गेनबावर संशय घेतला. गेनबा इथला मूळचा शेतकरी, जमीन बिल्डरला दिली, त्यात त्याला फ्लॅट मिळाला, आणि इमारतीमागं दोन एकर ऊस त्यानं अजून ठेवला आहे. महिपती त्याच्या दारात जाऊन म्हणाला, "काका, तुम्ही आमचं नेट वापरता का?" गेनबा म्हणाला, "बाबा, माज्याकडं बटनाचा फोन हाय. तुमचं नेट मी काय ताकात घालून पिऊ?" तेव्हापासून तो आमच्याशी बोलत नाही. हे पुढं महाग पडलं, लक्षात ठेवा.

योगेश तीनदा आला. तो कामं उरकून संध्याकाळी सहानंतर यायचा, आणि तो आला की चारही दिवे हिरवे. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते तसं. शेवटी सृष्टीनं आठवडाभर वहीत मांडून ठेवलं. नेट सकाळी नऊनंतर जायचं, दुपारी मी जेवायला-पडायला खाली आले की तासभर नीट चालायचं, पुन्हा जायचं, आणि ऊन उतरलं की रात्रभर पक्कं. मंगळवारी ढग होते, तेव्हा दिवसभर एकदाही गेलं नाही. योगेश सूनबाईला म्हणाला, "वहिनी, लोकांचं नेट पावसात जातं, तुमचं उन्हात जातं. असं मी पाहिलेलं नाही."

यावरून घरातल्या शहाण्यांनी दोन अर्थ काढले. एक, डब्याला ऊन बाधतं. म्हणून माझा टेबलपंखा काढून डब्यापुढं लावला. तरी जातं म्हणून डबा माठाशेजारी ठेवला, गारव्याला. सत्तरी उलटलेली म्हातारी चैत्राच्या उन्हात गच्चीवर वाळवणं राखते तिला गारवा नको, यंत्राला माठ. दुसरा अर्थ महिपतीनं काढला. "आई खाली असली की नेट टिकतं. आईचा पायगुण आहे." छत्तीस वर्षं तुमच्या आईनं माझ्या पायगुणाबद्दल काय काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. तो असा डब्याला लागू पडला. त्यांनी ठरवलं, शुक्रवारी अकरा वाजता मी डब्यापाशी बसायचं. मी साफ नाही म्हटलं. पाच किलो गव्हाचा चीक तयार होता. तीन दिवस गहू भिजवून, पाणी बदलून, वाटून काढलेला चीक कुणाच्या मीटिंगसाठी थांबत नाही, आंबतो.

तर शुक्रवारी अकराला मीटिंग सुरू झाली. नेट गेलं, आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं, आणि मग एक तास दहा मिनिटं दिवा हिरवाच राहिला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. कसं काय झालं, देव जाणे. सूनबाई म्हणते तिनं नवस बोलला होता. महिपती म्हणतो त्यानं सकाळी पासवर्ड बदलला. योगेश म्हणतो नवीन पिन बसवली. मी कुरडयांचा डबा भरायला घेतला.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला तेल लावा, माझं नाव नका लावू. हेमाला आशीर्वाद.

आपली भावजय,
गोदाबाई

ता. क. पत्र इथंच संपवणार होते, पण तुम्ही कुरडई तळाल, आणि मग तुम्हाला कळेलच. ते तीळ नाहीत.

झालं असं. ऊस गेला की शेतात मागं राहिलेला वाळका पाला, पाचट, पेटवतात, त्याची काळी राख उडून सगळ्या मांजरीवर पडते. ओल्या कुरडईवर बसली की निघत नाही. म्हणून महिनाभर मी वाळवणाच्या दिवशी उसाच्या अंगाला माझं जुनं नऊवारी बांधत होते. एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं त्या ताटलीच्या नळीला. नुसतं बांधलं तर राख आत येते, ओलं केलं तर चिकटून बसते, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासानं तांब्यानं पाणी मारायचं. ऊन उतरलं की वाळवण आणि लुगडं दोन्ही खाली. ढग असले की वाळवणच नाही. युक्ती माझी स्वतःची होती आणि मला तिचा अभिमान होता.

गुरुवारी संध्याकाळी योगेश आणि सृष्टी गच्चीवर आले. मी कुरडया उचलत होते, ओलं लुगडं काखेत. तो म्हणाला, ह्या ताटलीला टॉवर दिसला पाहिजे, मध्ये काही यायला नको, आणि पाणी तर अजिबात नको, पाण्यानं नेट अडतं. मग दोघांनी उसाकडे टक लावून बघितलं. मध्ये काही नव्हतं. मी पण बघितलं. काखेतून पाणी ठिबकत होतं.

खरं सांगते, मला पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. डब्यातलं नेट विटांच्या भिंतीतून संडासापर्यंत जातं (महिपती तिथं फोन घेऊन बसतो), आणि माझ्या विरलेल्या लुगड्याला अडतं? ज्यातून मला पलीकडचा रेडा दिसतो? म्हणून शुक्रवारी मी लुगडं नेहमीसारखं बांधलं आणि अकराला पाणी मारलं. खालून जिन्यात आवाज आला, "गेलं!" आणि त्यामागं सृष्टीचा, हॅलो हॅलो करणारा. लहानपणी विहिरीत डोकावून हाक मारायची तसा. मी लुगडं ओढलं. "आलं!" आता हा योगायोगही असू शकतो, म्हणून परत बांधलं. "गेलं!" परत ओढलं. "आलं!" तिसऱ्यांदा करून बघायचं फार मनात होतं, पण पोरीचा आवाज आठवला आणि नाही केलं.

आणि नेमकं त्याच वेळी, चोर म्हटल्याच्या रागात म्हणा की कसंही, गेनबानं मागच्या तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं. मी हातात लुगडं घेऊन एक तास दहा मिनिटं उभी होते, आणि पाच किलोच्या ओल्या पांढऱ्या कुरडयांवर राख पडताना बघत होते. एका हातानं वारा घातला. एका हातानं किती निघणार?

तेव्हा खरं काम हे. ह्या काळ्या कुरडया तुम्ही ठेवून घ्या आणि तुमच्या पांढऱ्या चार किलो संपतबरोबर पाठवा. घरात कुणी विचारलं तर त्या माझ्याच. महिनाभर नेट मी घालवत होते हे सूनबाईला कळलं, तर ती मला पंखा परत देणार नाही. तुम्ही हसाल, हे माहीत आहे. हसा, पण कुरडया पाठवा. पत्र वाचून गॅसवर धरा.

ता. क. दुसरी. संपत अजून आला नाही, तेवढ्यात सृष्टी येऊन सांगून गेली. गिऱ्हाइकांना तिचं काम फार आवडलं. इतकं आवडलं, की साहेबानं तिला सहा माणसांवर नेमलं, आणि ती सहा माणसं हिंजवडीत बसतात. एक तारखेपासून तिला रोज ऑफिसात जायचं आहे. हॉस्टेल बघून ठेवलं आहे. पोरगी खूश आहे. नेट गेलं असतं तर शिक्षा म्हणून गेली असती, टिकलं म्हणून बक्षीस म्हणून चालली. जाणार ती दोन्हीकडून होतीच. मग मी पाच किलोचा चीक कशापायी नासवला, हे त्या योगेशनं मला समजावून सांगावं. तो चहा घेतो म्हणेल.

तिनं माझ्या गोळ्यांच्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत सकाळ-रात्र लिहून ठेवलं आहे. आणि जाताना म्हणाली, "आज्जी, उद्यापासून लुगडं टाकीच्या पलीकडं बांध, तिथं ताटलीच्या आड येत नाही." म्हणजे कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

ता. क. तिसरी, आणि शेवटची, कारण संपत खाली हॉर्न वाजवतो आहे. वरती कुरडया बदलून मागितल्या ते खोडा. डबा खाली टेम्पोत गेला आहे, तेव्हा ह्या काळ्याच चांगल्या कडक वाळवून परत पाठवा. सृष्टी म्हणते तिला ह्याच न्यायच्या आहेत. हॉस्टेलवर तळणार कशात, याचा सहा माणसांवर नेमलेल्या पोरीनं विचारच केलेला नाही. तेव्हा हेमाच्या लग्नात तुम्ही माझी लोखंडी कढई नेली होती, दोन कानांची, एका कानाला चीर असलेली, ती पाठवा. तुमची म्हणून दुसरी पाठवू नका. मला ओळखते ती.