पोकळ थप्पी

प्रिय केरुबोताई,

तू गावाकडून, किसीहून पाठवलेला कच्च्या केळ्यांचा घड पोचला. काल ती केळी शिजवून मटोके केलं आणि एकटीनेच पातेलं संपवलं. आमच्या कंपनीचा शेअर अडतीस शिलिंगांवरून अकरावर आला, तुमच्या चामातल्या, त्या बचतगटातल्या बाराजणींची चार वर्षांची भिशी त्यात अडकली, आणि तू फोनवर विचारतेस काय, तर नीट जेवतेस ना! खरं सांगू, तू चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

पेपरात आलंय त्यापेक्षा प्रकरण फार साधं आहे. माझं काम कंपनीच्या आतल्या तपासणीचं. दर सप्टेंबरअखेर नाकुरूच्या गोदामात जाऊन मक्याची पोती मोजायची. थप्पीची लांबी, रुंदी, उंची घ्यायची, गुणाकार करायचा आणि सही ठोकायची. वर कोणी चढत नाही, कपडे धुळीने भरतात ना! या वर्षी का कोण जाणे, मी चढले. मधोमध पाऊल टाकलं तर पाय मांडीपर्यंत खाली गेला. आत पोती नव्हतीच. चारी बाजूंनी पोत्यांची भिंत आणि मध्ये आडव्या फळ्यांवर वरचा एकच थर. त्या नसलेल्या मक्याची किंमत ताळेबंदात धरून नफा फुगवला होता, आणि नफा बघून लोक शेअर घेत होते. गोदामाचे ओम्बाती खाली शिडी धरून उभे होते. म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी तुम्ही खालूनच सही केलीत. मला वाटलं, साहेबांनी तुम्हालाही सांगितलंय."

ते साहेब म्हणजे आमचे हिशेबप्रमुख, मुटिसो. मला नोकरीला त्यांनीच लावलं. म्हणाले, "दोन महिने कळ काढ गं, नवा मका आला की भरून टाकू. कुणाचं काय बिघडतंय?" मी रात्रभर रडले आणि सकाळी संचालकांच्या समितीला अहवाल दिला, माझ्या गेल्या वर्षीच्या सहीसकट. समितीने शहानिशा करून जाहीर करेपर्यंत बारा दिवस गेले. तोवर बाहेर अवाक्षर काढणं गुन्हा असतो, आणि ते बरोबरच आहे. माझ्याकडून कळून तुम्ही शेअर विकले असते तर ते दुसऱ्याच कुणा बायकांच्या गळ्यात पडले असते.

पण त्या बारा दिवसांतल्या पाचव्या दिवशी तुझा फोन आला होता. "बोसी, भाव चढतोय गं! चहाच्या रोपांसाठी ठेवलेले पैसेही घालू का?" कंपनीबद्दल मला बोलता येत नाही, एवढं म्हणायला कायद्याची आडकाठी नव्हती. तेही मी म्हटलं नाही, कारण माझ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस. मी हसले आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्या हसण्याला तू होकार समजलीस आणि तेही पैसे घातलेस. काल आईकडून कळलं, चामाच्या बैठकीत तू उभी राहून सगळ्यांना दम देतेस, "माझ्या बहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं नाव घ्याल तर याद राखा!" ताई, हे सांगणं थांबव. मला ठाऊक होतं. शनिवारच्या बैठकीला मी येतेय. मला तुझ्या शेजारी बसवू नकोस, त्यांच्यासमोर बसव.

तुझीच धाकटी,
बोसिबोरी