न लागलेली खूण

लातूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. ईश्वरप्पास अक्काचे आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. बारावीची परीक्षा परवापासून, त्यामुळे कॉलेजात नुसती धावपळ. तू जावई झालास, तरी कडेवर खेळवलेल्या धाकट्या भावाला अहो-जाहो करणं मला चार वर्षांत जमलं नाही. तेव्हा ‘तू’च म्हणते.

बाळाचा, अनिमेषचा, रिपोर्ट आला का, म्हणून तू आठवडाभर विचारतोयस. जीवशास्त्र शिकवणारी घरात मीच, म्हणून हैदराबादहून तो माझ्याकडे मागवला होता. सोमवारीच आला. फोनवर तुझ्याशी खोटं बोलले.

पेशीत कचरा मोडणारी एक जागा असते. तिथं लागणारी प्रथिनं दुसरीकडे तयार होतात आणि वाटेत त्यांना फॉस्फेटची खूण लागते. ती खूण बघूनच त्यांना त्या जागी पोचवलं जातं. मी एसटीने डबा पाठवते, त्यावर नाव नसेल तर तो तुमच्याकडे देगलूरला उतरेल का? अनिमेषच्या पेशींना ती खूण लावताच येत नाही. प्रथिनं पेशीबाहेर भरकटतात आणि कचरा आत साठत जातो. म्हणून त्याची बोटं वाकडी, म्हणून दोन वर्षांचा झाला तरी उभा राहत नाही. यावर औषध नाही, ईश्वर. मुंबईला विचारलं, दिल्लीला विचारलं, सगळ्यांनी हात टेकले. वीस वर्षं मी हाच धडा शिकवतेय आणि नातवासाठी मला काही करता येत नाही.

हा दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो. तुझ्यात निम्मा, माझ्या लेकीत, मृण्मयीत निम्मा, दोन्ही आपल्याच घरातले. लग्नाआधी तिनं मला विचारलं होतं, “आई, तू तर शिकवतीस. मामाशी लग्न केलं तर लेकरांना काही होत न्हाई ना?” आपल्यात पिढ्यानपिढ्या चालत आलंय, काही होत नाही, असं मी सांगितलं. धोका असतो, हे मला माहीत होतं. लेक परक्या घरी जाऊ नये, एवढाच माझा स्वार्थ.

परवा तिचा फोन आला. “आई, बाळ पोटात असताना दिवाळीच्या ग्रहणात मी कोथिंबीर चिरली होती. त्यानंच झालं का?” मी फोन ठेवून दिला.

बाळाच्या बोटांना कोमट तेल लावत जा. बोटं सरळ होणार नाहीत, पण त्याला जरा झोप लागते.

आणि हे पत्र तिला वाचून दाखव, काही न गाळता. ती स्वतःला दोष देतेय आणि माझं तिच्यासमोर उभं राहायचं धाडस होत नाही.

तुझी अक्का,
आणि तिनं अजून म्हटलं तर तिची आई,
नीलम्मा