गोड्या पाण्याची बादली

माहीम गाव, मंगळवार संध्याकाळ

इलेक्ट्रिक सायकलची मोटर गेली. मासवणच्या पुढे पाड्यावर लस द्यायला निघाले होते, चढावरच बंद पडली. बॅटरी अजून अर्धी शिल्लक. लांबचा पल्ला म्हणून मीच हट्टाने मोठ्या बॅटरीची, महागातली घेतली. त्या बॅटरीचं आता काय लोणचं घालू?

टेम्पोत टाकून बोईसरला नेली. मेकॅनिकने मोटर उघडली तर आत सगळा गंज. "मॅडम, रोज धोते हो क्या?" मी ठासून नाही म्हटलं. मी तर कधी पुसलीही नाही. नवी मोटर घ्यायची तर अर्ध्या सायकलची किंमत. कुठून आणू?

सायकल घरी आणली, तर बाबा बादली घेऊन हजर. होडीचं मशीन धुवायचे तसंच मोटरवर पाणी ओतायला लागले.

"बाय, रोज गोड्या पान्यानं धुतो मी. खारी हवा लोखंड खाते. नाय तं कवाच गेली असती."

ओरडणारच होते. पण होडी विकल्यापासून बाबा नुसते ओट्यावर बसून असतात. दिवसभरात हातात धरतात ती एवढी बादलीच.

"धुवा," म्हटलं. आता बिघडायला राहिलंय काय?